‘देवाची इच्छा’ म्हणण्यापूर्वी

मृत्यू झालेल्या घरी गेल्यावर काय बोलावे हे आपल्यापैकी बहुतेकांना कळत नाही. आणि कळत नाही म्हणूनच आपण काहीतरी बोलून जातो. अशा वेळी दोन शब्द आपल्या मदतीला धावून येतात : ‘देवाची इच्छा.’ हे शब्द आपण वाडवडिलांकडून ऐकलेले असतात. त्यांत श्रद्धा असते, नम्रता असते आणि खरे सांगायचे तर थोडी सुटकाही असते. ते उच्चारले की आपले कर्तव्य पार पडल्यासारखे वाटते.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक नऊ वर्षांचा मुलगा रक्ताच्या कर्करोगाने वारला. त्याचे आईवडील दीड वर्ष त्याला घेऊन मुंबईच्या रुग्णालयात खेपा घालीत होते. घरी रोज जपमाळ होत असे. नोव्हेना झाल्या, मिस्सा झाल्या, वेलंकणीचा नवस बोलून झाला. अंत्यविधीनंतर मी त्या घरी गेलो. आई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या डोक्यावर खुंटीला मुलाचे दप्तर तसेच लटकत होते. मी जवळ जाऊन म्हणालो, ‘‘बाय, देवाची इच्छा. तिच्यापुढे आपलं काय चालणार?’’

तिने मान वर केली आणि शांतपणे विचारले, ‘‘त्याची हीच इच्छा होती, तर दीड वर्ष मी प्रार्थना कुणाकडे करत होते?’’

माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे कित्येक महिने ती रविवारच्या मिस्साला दिसली नाही. तिचा देवावरचा विश्वास उडाला, असे लोक म्हणू लागले. माझे मन मात्र मला वेगळेच सांगत होते. तिचा विश्वास उडाला तो देवावरचा, की मी दोन शब्दांत तिच्यापुढे उभ्या केलेल्या देवावरचा? पुढील विवेचनाच्या मुळाशी हीच टोचणी आहे.

प्रश्न जुना आहे

त्या मातेने विचारलेला प्रश्न मानवजातीइतकाच जुना आहे. एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर तो तर्काच्या भाषेत सांगितला जातो. देवाला दुःख दूर करायचे आहे पण करता येत नाही, तर तो सर्वशक्तिमान कसा? करता येते पण करायचे नाही, तर तो चांगला कसा? आणि शक्ती व इच्छा दोन्ही असतील, तर जगात दुःख उरलेच कसे?

असा प्रश्न विचारणे हेच पाप, असे आपल्यापैकी अनेकांना लहानपणी शिकविले गेले. ख्रिस्तसभेच्या थोर आचार्यांना मात्र तसे कधी वाटले नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी देवाच्या अस्तित्वाची चर्चा आरंभताना विरोधी पक्षाचा पहिला आक्षेप म्हणून हाच प्रश्न मांडला. त्यांनी तो झाकला नाही, सौम्यही केला नाही. त्यांच्या आठशे वर्षे आधी संत ऑगस्टीन यांनी त्यावर आयुष्यभर चिंतन केले होते. वाईट ही देवाने निर्माण केलेली स्वतंत्र वस्तू नव्हे. जसा प्रकाशाचा अभाव म्हणजे अंधार, तसा चांगल्याचा अभाव म्हणजे वाईट. आणि वाइटातूनही चांगले घडविण्याइतका देव समर्थ व चांगला आहे म्हणूनच तो वाईट होऊ देतो, असे त्यांनी प्रतिपादिले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथानेही या प्रश्नाला झटपट उत्तर पुरणार नाही हे मोकळेपणाने मान्य केले आहे. निर्मिती, पाप, ख्रिस्ताचे येणे, त्याचे मरण, पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवनाची आशा ही सारी श्रद्धा मिळूनच त्याचे उत्तर होते, असे तो ग्रंथ सांगतो.

या उत्तरांचे मोल मोठे आहे. देवाने मानवाला स्वातंत्र्य दिले आणि त्या स्वातंत्र्याच्या दुरुपयोगातून पुष्कळ दुःख जन्मास आले, हे तर आपण डोळ्यांनी पाहतो. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ येथे कारखान्यातील विषारी वायूने हजारो झोपलेल्या माणसांचा बळी घेतला. ती देवाची करणी नव्हती. माणसांच्या बेपर्वाईचे ते फळ होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन होऊन गावे थकून झोपी गेली होती. जमीन हादरली ही निसर्गाची गोष्ट खरी. परंतु हजारोंचे प्राण घेतले ते दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि डोक्यावरच्या मातीच्या जड माळवदांनी. ‘देवाने नेले’ असे म्हणण्यापूर्वी घरे कशी बांधली होती, हे विचारणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. देवाने दिलेल्या बुद्धीचा तो आदर आहे.

एवढे सारे समजून घेतल्यावरही एक प्रश्न शिल्लक राहतोच. नऊ वर्षांच्या मुलाच्या रक्तात कर्करोग निर्माण झाला तो कोणाच्या स्वातंत्र्याच्या दुरुपयोगामुळे? तेथे आपला तर्क थांबतो. तो थांबावा यात कमीपणा नाही. तर्क थांबल्यावर आपण जे बोलतो, त्यात मात्र अनेकदा फार मोठा अन्याय दडलेला असतो.

ईयोबाचे मित्र

जुन्या करारातील ईयोबाची कथा आपल्या परिचयाची आहे. धन गेले, मुले गेली, शरीर फोडांनी भरून गेले आणि तो राखेत बसला. त्याचे तीन मित्र दुरून त्याला भेटायला आले. त्याची दशा पाहून त्यांनी हंबरडा फोडला आणि सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर निःशब्द बसून राहिले. संपूर्ण ग्रंथात त्यांच्या हातून घडलेली ही सर्वांत चांगली गोष्ट होय. आठव्या दिवसापासून ते बोलू लागले आणि सारे बिघडले.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : देव न्यायी आहे, न्यायी देव निरपराध्याला शिक्षा करीत नाही, ज्या अर्थी तू दुःखात आहेस, त्या अर्थी तुझ्या हातून काही पाप घडलेले असणारच. तर्क बिनतोड होता, पण खोटा होता. ईयोबाने तो मानला नाही. त्याने देवाशी वाद घातला, जन्मदिवसाला शाप दिला, देवाला न्यायासनासमोर बोलाविले. ग्रंथाच्या अखेरीस देव वादळातून बोलतो तेव्हा ईयोबालाही त्याच्या दुःखाचे कारण सांगत नाही. मात्र मित्रांवर तो संतापतो. त्यांनी आपल्याविषयी योग्य ते सांगितले नाही, ईयोबाने सांगितले, असा निवाडा तो देतो. देवाची बाजू घेऊन बोलणारे दोषी ठरले आणि देवाशी भांडणारा निर्दोष ठरला! पवित्र शास्त्रातील हा निकाल आपण पुरेशा गांभीर्याने वाचला आहे काय?

आपल्या या भूमीत ‘पूर्वजन्मीचे भोग’ असे म्हणण्याची पद्धत आहे. आपण ख्रिस्ती लोक पूर्वजन्म मानीत नाही, म्हणून त्या विचारापासून आपण मुक्त आहोत असे आपल्याला वाटते. पण ‘कुणाचे पाप कुणाला भोवले’, ‘नवस फेडला नसेल’, ‘मिस्सा चुकवीत होते’ ही कुजबुज आपल्या अंगणात होत नाही काय? जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हेच विचारले होते : पाप याचे की याच्या आईबापांचे? प्रभू येशूने दोन्ही नाकारले. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती हा समजही त्याने खोडून काढला.

तरीही ही सवय सुटत नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सकल संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहराला प्रचंड भूकंपाचा धक्का बसला. देवळे भाविकांनी भरलेली होती. ती कोसळली, वेदीवरच्या आणि घरोघरच्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या, पाठोपाठ समुद्र शहरात शिरला. मिस्साला आलेली माणसे मिस्सा चालू असतानाच मरण पावली. त्यानंतर गाब्रिएल मालाग्रिदा नावाच्या वयोवृद्ध येशूसंघीय धर्मगुरूंनी एक पुस्तिका लिहून हा कोप शहराच्या पापांमुळेच झाला असे ठासून सांगितले. त्यांचा हेतू पश्चात्तापाकडे वळविण्याचा असेल. पुढे राजकीय वैरातून त्यांचा फार क्रूर अंत झाला आणि त्यांच्याविषयी अनुकंपाच वाटते. पण ढिगाऱ्याखाली मूल गमावलेल्या मातेला त्या पुस्तिकेने काय दिले असेल? ईयोबाच्या मित्रांनी ईयोबाला जे दिले तेच.

इच्छा कोणाची, शब्द कोणाचे

तर मग ‘देवाची इच्छा’ हे शब्द खोटे आहेत काय? नाहीत. पण ते कोणी, कोणाविषयी आणि केव्हा उच्चारायचे, याला महत्त्व आहे.

देव एखादी गोष्ट इच्छितो आणि देव एखादी गोष्ट होऊ देतो, यांत आपले धर्मशास्त्र भेद करते. हा भेद केवळ पंडितांचा नाही. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत तो दडलेला आहे. पित्याची इच्छा स्वर्गात जशी पूर्ण होते तशी ती पृथ्वीवरही व्हावी, असे आपण त्या प्रार्थनेत रोज मागतो. पृथ्वीवर जे जे घडते ते सर्व त्याच्या इच्छेनुसारच घडत असते, तर ही मागणी कशासाठी? ती मागणी करताना आपण कबूल करीत असतो की, येथे अद्याप पुष्कळ काही त्याच्या इच्छेविरुद्ध चालले आहे. नऊ वर्षांच्या मुलाने वेदनेने तळमळत मरावे ही पित्याची आवड नव्हे. त्याने ते का होऊ दिले हे आपल्याला ठाऊक नाही. ‘का होऊ दिले हे मला ठाऊक नाही’ आणि ‘त्याला हेच हवे होते’ या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. त्या दिवशी मी पहिले वाक्य टाळून दुसरे बोललो होतो.

आता पवित्र शास्त्रात ही शरणागती कोणाच्या तोंडी येते ते पाहा. देवाने दिले आणि देवाने नेले हे ईयोब बोलतो. पण तो ते स्वतःविषयी बोलतो. गेथशेमनी बागेत प्रभू येशू आपली नव्हे तर पित्याची इच्छा पूर्ण होवो असे म्हणतो. पण तो प्याला त्याच्या स्वतःच्या ओठांशी आलेला आहे, आणि त्याआधी तो दूर करण्याची विनवणी त्याने केलेली आहे. ही शरणागती दुःखिताच्या अंतःकरणातून, त्याच्या वेळेला उमलावी लागते. तशी ती उमलली तर ते श्रद्धेचे सर्वांत सुंदर फूल होय. परंतु दुसऱ्याने बाहेरून आणून ती दुःखिताच्या ओंजळीत कोंबता येत नाही.

बेथानीला प्रभूने काय केले? लाजरच्या मृत्यूनंतर चौथ्या दिवशी तो पोहोचला. तुम्ही येथे असता तर माझा भाऊ मेला नसता, अशी तक्रार मार्थेने केली आणि मागाहून मरियेनेही केली. प्रभूने त्यांना दटावले नाही. पुनरुत्थानाची आशा त्याने मार्थेला जरूर दिली, पण ही पित्याची इच्छा होती असे तो दोघींपैकी एकीलाही म्हणाला नाही. त्याला कुठे ठेवले आहे, एवढे त्याने विचारले आणि तो रडला. काही क्षणांत आपण लाजरला उठविणार आहोत हे ठाऊक असूनही तो रडला. ज्या दुःखावर देवपुत्राने अश्रू ढाळले, ते दुःख देवाला प्रिय होते असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

आपल्या साक्षींबाबतही थोडा विवेक हवा. २६ डिसेंबर २००४ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, त्सुनामीच्या लाटा वेलंकणीवर आल्या. बासिलिकेत मिस्साला असलेले भाविक वाचले आणि पवित्र मरियेने आपल्या लेकरांना सांभाळले ही गोष्ट आपण भक्तिभावाने सांगू लागलो. वाचलेल्यांनी देवाचे आभार मानावेत हे योग्यच आहे. पण त्याच सकाळी किनाऱ्यावर असंख्य माणसे वाहून गेली. त्यांतही तिच्या दर्शनाला आलेले यात्रेकरू होते. किनाऱ्यावर खेळणारे मूल ज्या आईच्या हातून सुटले, ती आपल्या शेजारच्या बाकावर बसली असेल तर ही साक्ष आपण त्याच शब्दांत देऊ का? जी साक्ष तिच्यासमोर देता येत नाही, ती थोडी तपासून पाहायला हवी.

क्रूस कोणाच्या खांद्यावर

ख्रिस्ती श्रद्धेचे वेगळेपण असे की, तिने दुःखाचे स्पष्टीकरण देवळाच्या मध्यभागी ठेवलेले नाही. तेथे क्रूस ठेवला आहे. क्रूसावर देव आपल्याला दुःखाचे कारण सांगत नाही. तो आपल्या दुःखात येऊन राहतो. आपण टाकले गेलो आहोत असा आक्रोश त्या क्रूसावरून प्रत्यक्ष देवपुत्राने केला आहे. त्या मातेचा प्रश्न मला त्या दिवशी देवनिंदा वाटला होता. आज वाटते, तो प्रश्न त्या आक्रोशाचाच प्रतिध्वनी होता.

संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थाविषयी एक प्रेषितीय पत्र प्रसिद्ध केले. ते लिहिणाऱ्या माणसाने आठव्या वर्षी आई, बाराव्या वर्षी डॉक्टर असलेला एकुलता भाऊ आणि विसाव्या वर्षी वडील गमावले होते. त्या भावाला रुग्णसेवा करतानाच प्राणघातक आजार जडला होता. १९८१ साली स्वतः पोपमहोदयांनी गोळ्या झेलल्या होत्या. आपले दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडले तर ते व्यर्थ जात नाही, जगाच्या तारणकार्यात त्याला वाटा मिळतो, असे ते संत पौलाच्या आधारे सांगतात. परंतु पत्र तेथे संपत नाही. ते दयाळू शमरोन्याच्या दाखल्याकडे वळते. दुसऱ्याचे दुःख आपल्याला थांबविण्यासाठी, वाकविण्यासाठी, आपल्यातील प्रेम मोकळे करण्यासाठी आहे, असे ते बजावते.

हा दुसरा भाग आपण विसरतो तेव्हा क्रूसाच्या नावाखाली अन्याय होतो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीला ‘हा तुझा क्रूस आहे, सोस’ असे सांगितले जाते. वेदनाशामक औषध मागणाऱ्या रुग्णाला ‘प्रभूने याहून अधिक सोसले’ असे ऐकविले जाते. प्रभू येशूने एकाही आजाऱ्याला आजार आत्म्यासाठी बरा आहे असे सांगून परत पाठविल्याचे शुभवर्तमानात दिसत नाही. त्याच्याकडे आणलेल्यांना त्याने बरे केले. स्वतःच्या खांद्यावर क्रूस घेण्याची आज्ञा त्याने दिली. दुसऱ्याच्या खांद्यावर तो चढविण्याची नव्हे. सायमन कुरेनेकर तर दुसऱ्याच्या खांद्यावरचा क्रूस स्वतःच्या खांद्यावर घेऊन चालला.

ज्यांच्यापाशी उत्तर नव्हते

फिलिपिन्समध्ये २०१३ च्या नोव्हेंबरात आलेल्या चक्रीवादळाने हजारो लोक मृत्युमुखी पडले. १७ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस त्या वादळग्रस्त टाक्लोबान शहरी गेले. भर पावसात, मिस्साच्या वस्त्रांवर पिवळा रेनकोट चढवून त्यांनी मिस्सा अर्पण केला. लिहून आणलेले प्रवचन त्यांनी बाजूला ठेवले. ज्यांनी सर्वस्व गमावले त्यांना काय सांगावे हे आपल्याला समजत नाही अशी कबुली देऊन त्यांनी लोकांना क्रूसाकडे पाहायला सांगितले. दुसऱ्या दिवशी मनिला येथे, पूर्वी रस्त्यावर राहिलेल्या एका बारा वर्षांच्या मुलीने, देव मुलांच्या वाट्याला असे का येऊ देतो, असे त्यांना विचारले. विचारता विचारता तिला रडू कोसळले. पोपमहोदयांनी तिला जवळ घेतले. ज्याला उत्तर नाही असा प्रश्न हिने विचारला आहे आणि काही गोष्टी अश्रूंनी धुतलेल्या डोळ्यांनाच दिसतात, अशा आशयाचे ते बोलले. ख्रिस्तसभेचे सर्वोच्च गुरू जेथे ‘मला ठाऊक नाही’ म्हणतात, तेथे आपण एवढे ठाम बोलावे काय?

पण उत्तर नाही म्हणजे करण्यासारखे काही नाही, असे नव्हे. पंडिता रमाबाई आपल्या पंथाच्या नव्हेत, तरी त्यांच्यापुढे आपणही नतमस्तक होतो. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील व बहीण अन्नान्न करीत गेले. पुढे काही वर्षांत भाऊ गेला, पती गेले. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे धावल्या आणि उपासमारीतून वाचविलेल्या मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तिसदनाचा विस्तार अशा मुलींनी झाला. आपले आईबाप भुकेने का मेले याचे उत्तर त्यांना कोणी दिले नव्हते. भूक म्हणजे काय हे मात्र त्यांना ठाऊक होते, आणि त्या ज्ञानातून शेकडो लेकरांच्या ताटात अन्न पडले.

आमच्या धर्मग्रामातही असेच एक माणूस होते. त्या मुलाच्या मृत्यूनंतर एक म्हातारी विधवा रोज संध्याकाळी त्या घरी जाऊन बसू लागली. तिचा तरणा मुलगा पूर्वी समुद्रावर गेला तो परतलाच नव्हता. ती येताना कधी पेज आणी, कधी भाजी. फारसे बोलत नसे. आई रडली तर रडू देई. देवावर रागावली तर ऐकून घेई. हा क्रम किती महिने चालला ते मी मोजले नाही. एवढे खरे की, नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मृतांच्या स्मरणदिनी, त्या दोघी मला दफनभूमीत शेजारी शेजारी मेणबत्त्या लावताना दिसल्या; आणि पुढच्या रविवारी ती आई देवळात शेवटच्या बाकावर बसली होती.

मी मिस्सानंतर तिला गाठून त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल क्षमा मागितली. ती म्हणाली, ‘‘तुमचा राग नाही. पण मला अजून उत्तर मिळालेलं नाही हं.’’ मी म्हणालो, ‘‘मलाही नाही.’’ मग आम्ही दोघे थोडा वेळ तसेच उभे राहिलो.

पुनरुत्थित प्रभूच्या देहावर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या. त्या पुसल्या गेल्या नव्हत्या. आपली आशाही तशीच आहे. जखम नव्हतीच असे ती म्हणत नाही. जखमेसह जीवन मिळेल असे म्हणते. त्या जीवनात, देवाच्या समोर, त्या मातेला आपला प्रश्न पुन्हा विचारता येईल आणि तेव्हा तो पिता तिचे डोळे स्वतः पुसील, असा माझा विश्वास आहे. तोपर्यंत त्याच्या वतीने उत्तर देण्याचा अधिकार मला नाही. पुढच्या वेळी एखाद्या घरी मृत्यू होईल, तेव्हा मी जाईन, खाली बसेन आणि गप्प राहीन. फार तर विचारीन, ‘‘काही खाल्लंत का?’’